घरटी एक ऊब

इंजेक्शन कोणी घ्यायचं याची बैठक बोरस्त्यांच्या घरात रविवारी सकाळी झाली आणि योगिताची एकमताने निवड झाली. ती त्या वेळी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होती, त्यामुळे तिचं मत धरलं नव्हतं. धरलं असतं तरी निकाल बदलला नसता.

तसे उमेदवार चार होते. योगिताचा नवरा गोरख द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर होता, आणि तिथे नियमच होता की इंजेक्शन घेतलेल्या माणसाने मालाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. द्राक्षांना घाम सुटतो. त्याच्या आईला, विमलबाईंना, जुना दमा. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे हातच जोडले. मुलगी रेवा बारावीला, अठरा वर्षं पूर्ण झाली नव्हती. उरली योगिता. तिला आजार नव्हता, नोकरी नव्हती आणि नाही म्हणायची सवय नव्हती. इतकी पात्रता योजनेने मागितलीसुद्धा नव्हती.

"तुझी मजाच आहे," गोरख स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "आम्ही कुडकुडणार आणि तू पंखा लावून बसणार."

"दुखतं का हो?"

"मुंगी चावल्यासारखं, म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"ज्यांनी घेतलं नाही ते," आतून रेवा म्हणाली.

योगिताने भाकरी उलटली. "बरं," ती म्हणाली, आणि योजनेच्या भाषेत याला स्वेच्छा संमती म्हणतात.

पिंपळगाव बसवंतला थंडी नवी नव्हती. निफाड तालुक्याचा पारा दरवर्षी पेपरात यायचा, बागांतल्या शेकोट्यांचा फोटो छापून यायचा आणि लोक जरा अभिमानाने स्वेटर घालायचे. पण गेल्या काही वर्षांत अभिमान वाटण्यापलीकडची थंडी पडू लागली होती. आकाशात फार उंचावरून वाहणारा हवेचा एक पट्टा ध्रुवाकडची थंडी ध्रुवाकडे बांधून ठेवतो. जग तापलं तसा हा पट्टा नाडी ढिली झालेल्या लेंग्यासारखा खाली घसरू लागला आणि त्याच्याबरोबर तिकडची थंडी इकडे आली. जग तापलं म्हणून पिंपळगाव गोठलं, हे आधी कुणाला पटत नव्हतं. नळ फुटायला लागल्यावर पटलं.

घरोघरी हीटर आले. नेमक्या त्याच महिन्यांत धुक्यामुळे गच्चीवरची सोलर पॅनल झोपून राहायची, आणि सूर्य मावळल्यावर सगळा तालुका एकाच वेळी बटण दाबायचा. वीजवाल्यांनी मग संध्याकाळचा दर वेगळा केला. इतका वेगळा, की संध्याकाळी हीटर लावणं म्हणजे मुलीच्या लग्नाचा हॉल रोज बुक करणं झालं. काहींनी शेगड्या काढल्या. बंद खोलीत शेगडी लावून झोपलं की थंडी कायमची जाते, हे दोन-तीन घरांतून समजल्यावर शेगड्यांवर बंदी आली.

आणि मग सरकारने योजना आणली: घरटी एक ऊब.

तिच्यामागचं विज्ञान साधं होतं, किंवा निदान साधं करून सांगितलं गेलं. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. म्हणून त्याच्या पाठीत, खांद्यांच्या मध्ये, तपकिरी रंगाची चरबी असते. आपली नेहमीची पांढरी चरबी नुसती साठून राहते. ही तपकिरी चरबी जळते. शरीराच्या पेशी एरवी अन्नातली शक्ती कामासाठी वापरतात. तपकिरी चरबीच्या पेशींत मात्र एक प्रथिन असं असतं, की ते ही शक्ती कामाला लागण्याआधीच गळू देतं, आणि गळालेल्या शक्तीची उष्णता होते. क्लच दाबून धरावा आणि ॲक्सिलरेटर पिळावा, तसं. गाडी जागची हलत नाही, इंजिन तापतं. मोठेपणी ही चरबी बरीचशी नाहीशी होते. 'ऊब' नावाचं इंजेक्शन पांढऱ्या चरबीला तपकिरी करायचं. स्वस्थ बसलेला माणूस शंभराच्या जुन्या बल्बइतकी उष्णता देतो. ऊब घेतलेला माणूस गारठ्यात त्याच्या तिप्पट देतो. खिडक्या बंद केल्या की एका खोलीला एक माणूस पुरतो. हवा जितकी थंड, तितका तो जास्त पेटतो. त्याला बटण नाही, वायर नाही आणि संध्याकाळचा दर नाही.

त्या बदल्यात बिलात मोठी सूट होती. सूट घेतलेल्या घराचा मंजूर भार मात्र थंडीपुरता कमी व्हायचा. दिवे, फ्रीज आणि मिक्सर चालणार. हीटर लावला की मीटर पडणार. घरात ऊब असताना हीटर कशाला, हा युक्तिवाद बिनतोड होता.

इंजेक्शन द्यायला कावेरीताई आल्या. त्या योजनेच्या ऊबसेविका. टोचून झाल्यावर त्यांनी पाठ केलेलं सांगितलं, "पंधरा दिवसांत लागू पडेल. थंडीभर दुप्पट जेवायचं. आणि घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं, बरं का."

विमलबाई हसल्या. गोरखही हसला. "सगळ्यांच्या आधी?" योगितानेच विचारलं आणि तीही हसली. कावेरीताई स्वतः सून होत्या, त्यांनाही हसू आवरेना. औषधाची चाचणी म्हणे कुठल्याशा बर्फाळ देशातल्या खलाशांवर झाली होती. खलाशी जेवणाची घंटा झाली की जेवतात. आधी सगळ्यांना गरम वाढून मग भांड्यात काय उरलंय ते बघणारा खलाशी त्या चाचणीत नव्हता.

पंधरा दिवसांनी योगिता तापली.

ताप नव्हे, कपाळ जरासं कोमट, पण पाठीवर हात ठेवला तर दुपारच्या उन्हातल्या कट्ट्यावर ठेवल्यासारखं वाटायचं. चौघांनी अंथरुणं मधल्या खोलीत आणली. बाहेर पारा शून्याशी खेळत होता आणि आत रेवा अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये गणितं सोडवत होती. बिल आलं तेव्हा गोरखने ते कोल्ड स्टोरेजमध्ये नेऊन चार जणांना दाखवलं.

सगळ्यात मोठा फरक विमलबाईंमध्ये पडला. लग्न होऊन आल्यापासून सुनेच्या शेजारी त्या कधी बसल्या नव्हत्या. समोर बसायच्या, लक्ष ठेवायला. आता त्या तिला टेकून बसू लागल्या. दम्याची ढास थांबली.

"बाई, तुझ्या पाठीला काय सुख आहे गं," त्या म्हणाल्या.

योगिताला वीस वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी होती, आणि ती पाठीला मिळाली होती. तिने तेवढीही घेतली.

शेजारच्या बायका साखर मागायला येऊन तासभर बसू लागल्या. गोरख कामावरून आला की आधी हात तिच्या मानेवर ठेवायचा. तिला सुरुवातीला ते प्रेम वाटलं. मग त्याने एकदा दुसरा हातही ठेवला आणि दोन्ही हात चोळले.

ती बारीक होऊ लागली. कावेरीताई दर आठवड्याला काटा घेऊन यायच्या, आकडा बघायच्या आणि म्हणायच्या, "छान. लागू पडलंय." सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "काय गं, डाएट कुठलं?" तिने लग्नातला ब्लाउज काढून घालून बघितला. तो सैल झाला. इतक्या लोकांनी कौतुक केल्यावर हे वाईट आहे असं वाटायला माणूस फारच शंकेखोर असावा लागतो.

भूक लागायची. फार लागायची. भाकऱ्या थापताना पिठाच्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण वाढप व्हायचं त्याच क्रमाने: गोरख, आई, रेवा, मग उरलेली आमटी, कडेची भाकरी, रेवाने टाकलेल्या भाताचा घास. ती दुप्पट करून ठेवायची, तर गोरखला बाहेरच्या गारठ्याने भूक लागलेली असायची. वाढून घेणाऱ्याला नाही म्हणावं, हे तिच्या हाताला येत नव्हतं.

त्यात मार्गशीर्ष लागला.

मार्गशीर्षातले गुरुवार योगिता लग्नाआधीपासून करत होती. सकाळी कलश मांडायचा, दिवसभर उपास, संध्याकाळी कहाणी वाचून नैवेद्य दाखवायचा आणि मग जेवायचं. अर्थात सगळ्यांचं झाल्यावर. रेवा म्हणाली, "मम्मी, या वर्षी नको ना करू. तू गाडी सुरूच ठेवलीयेस आणि पेट्रोल बंद करतेयस."

"लक्ष्मीला पेट्रोल सांगतेस?" विमलबाई म्हणाल्या. "बिल कमी झालं ते कुणाच्या कृपेने?"

"योजनेच्या."

"आणि योजना कुणाच्या कृपेने?"

यावर बारावीच्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

पहिले दोन गुरुवार निघाले. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी कहाणी वाचता वाचता योगिता थांबली. मग तिने तीच ओळ पुन्हा वाचली. पुन्हा तीच. राणी महालात गेली, राणी महालात गेली. घाम तिच्या हनुवटीवरून पोथीवर पडत होता. विमलबाईंनी हात जोडूनच डोळा उघडला. "पुढं वाच की." योगिताने सासूकडे पाहिलं आणि अगदी सौजन्याने विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?"

रेवाने नैवेद्याच्या वाटीतला शिरा उचलला आणि आईच्या तोंडात कोंबला. देवाच्या आधी. त्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी डॉ. खैरनार बाईंनी योगिताला तपासलं. त्या गावातल्या जुन्या डॉक्टर. वाईट बातमी देताना त्या चष्मा पुसायच्या. त्यांनी चष्मा पुसला.

"चरबी संपली हिची. आता स्नायू जळतायत."

"मग खायला घालू की, डॉक्टर," गोरख म्हणाला. "आता आणतो डिंकाचे लाडू."

"घाला. पण पोट आकसलंय, एकदम घेणार नाही. आणि परवापासून पारा अजून उतरतोय. जितकं थंड तितकं हे जास्त जळणार. तुम्ही एक लाडू घालाल, ती दोन जाळेल." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हृदय हाही स्नायूच असतो, गोरखभाऊ."

डॉक्टरांनी कपाटातून एक पाकीट काढलं. त्यात एकच गोळी होती, पांढरी, मोठीशी. लोक तिला विझवणी म्हणायचे. घेतली की तासाभरात ऊब बंद. एकदा विझवलं की त्या थंडीत पुन्हा पेटवता येत नाही.

"ही आज द्या."

"आणि आईचं?"

विमलबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. खोलीचं दार उघडं असल्यामुळे डॉक्टर हळू बोलल्या. "त्यांना गारठा चालणार नाही. उबदार वॉर्डात खाट नाही. नाव लिहून घेते."

"कितवं?"

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला.

तिथून गोरख थेट वीज कार्यालयात गेला. रांग मोठी होती आणि रांगेतले बहुतेक पुरुष होते. प्रत्येकाच्या घरी कोणी तरी तापत होतं. खिडकीतल्या माणसाने ग्राहक क्रमांक टाकला.

"भार परत मिळेल की, साहेब. का नाही मिळणार? संक्रांतीनंतर."

"तोवर हीटर लावायला नको?"

"तोवर ऊब आहे ना तुमच्या घरात. इथे दिसतंय."

"ती बंद करायची आहे."

"बंद केल्याचा दाखला आणा, मग अर्ज घेतो. अर्ज आला की पाहणी." तो स्वतः कानटोपी, मफलर आणि हातमोजे घालून टाइप करत होता, त्यामुळे दर अक्षराला दोन अक्षरं उमटत होती. "साहेब, एक सांगू का? दोन-तीन आठवडे ओढून न्या. सगळे तेच करतायत."

गोरख घरी आला. त्याने लाडूंचा डबा खाली ठेवला आणि योगिताच्या मानेवर ठेवायला हात पुढे केला, मग मागे घेतला.

"काय म्हणाले?" योगिताने विचारलं.

"ओढून न्या म्हणाले."

"कोणाला?"

तो डब्याचं झाकण उघडत बसला.

पुढचे चार-पाच दिवस घराने लाडूंवर काढले. योगिता एक खायची, दुसरा खाताना ओकायची. रेवा चमच्याने तूप-साखर भरवायची. बाहेर थंडीची लाट आली. खिडकीच्या काचेला बाहेरून बर्फाची साय धरायला लागली, आणि योगिता पेटत गेली. खोली कधी नव्हती इतकी उबदार होती. तिचे गाल आत गेले होते, गळ्याची हाडं वर आली होती, आणि त्या हाडांवरून गरम वाफ यावी तशी हवा येत होती. जिना चढून आल्यावर ती भिंत धरून उभी राहायची आणि छातीवर हात ठेवून ऐकायची, दार कोणी वाजवतंय का ऐकावं तशी.

गोळी देवघराशेजारच्या फडताळात होती. तिच्याविषयी कोणी बोलत नव्हतं. गोरख सकाळी लवकर कामावर जायचा आणि उशिरा यायचा. कोल्ड स्टोरेजला एवढं काम कधीच नसतं. नवऱ्याने बायको आणि आई यांतून एक निवडायची वेळ आली की सज्जन माणूस ओव्हरटाइम करतो.

चौथ्या गुरुवारी, शेवटच्या, योगिताने उपास धरला नाही. विमलबाईंनीच धरू दिला नाही. कलश मात्र मांडला. दुपारी गोरख घरी होता. सुट्टी होती, पळायला जागा नव्हती. रेवाने फडताळ उघडलं, पाकीट काढलं आणि बापासमोर ठेवलं.

"पप्पा, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू, बेटा?"

"घे म्हणा. किंवा नको म्हणा."

"लाट ओसरतेय म्हणतात. शनिवार, फार तर रविवार." तो योगिताकडे न बघता म्हणाला, "दोन दिवस निघतील का गं?"

योगिताने खरोखर विचार केला. निघतील का, हे तिने छातीत ऐकून पाहिलं. तिला नाही म्हणायचं होतं. तो शब्द तिच्या तोंडात कुठे असतो हे तिला सापडेना. "बघते," ती म्हणाली.

विमलबाई तिच्या पाठीला टेकून बसल्या होत्या. त्या तिथून उठल्या, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. आणि वीस वर्षं बसायच्या तशा सुनेच्या समोर जाऊन बसल्या.

"ती काय बघते? मी बघतेय की रोज मागून. पाठीचे मणके टोचतात मला." त्यांनी पाकीट उचललं आणि दाताने फाडलं. "घे. माझ्यासमोर घे."

"आई, तुमचा दमा..."

"दमा माझा आहे. तुला वाटायला दिलेला नाही."

"आई, असं नको," गोरख म्हणाला. "आपण जरा विचार..."

"तू गप बस. तुझा विचार झाला की मला बोलव." त्या सुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, भाजीत मीठ कमी पडल्यासारखा. "हे बघ, मी गेले तर चार माणसं म्हणतील, वय झालं होतं. तू गेलीस तर या दोघांना भाकरी कोण करून घालील? यांना चहा येत नाही. मला पोरासाठी दुसरी बघत हिंडायचं त्राण नाही."

योगिताला इतक्या वर्षांत कळलं होतं, की सासूबाई मनातलं बोलतात तेव्हा असंच बोलतात. तिने गोळी घेतली. पाणी रेवाने धरलं.

मग चौघं बसून राहिले. विमलबाईंनी हात लांब करून योगिताच्या मनगटावर ठेवला होता. उजेड कमी होत गेला. बाहेर कोणाच्या तरी गच्चीवर पाण्याची टाकी तडकली, तिचा आवाज आला. खोलीतली ऊब पाहुण्यासारखी गेली; आधी दाराशी थोडी थांबली, मग निघालीच. रेवाने स्वेटर घातला. गोरखने सगळ्या गोधड्या आणून आईभोवती लपेटल्या, आपला कोटही. योगिताच्या दातांवर दात आपटले आणि ती दचकली. तापल्यापासून ती पहिल्यांदा कुडकुडत होती.

"गार झाली," विमलबाई म्हणाल्या, तवा उतरवल्यावर म्हणतात तसं. "आता ताट वाढा हिला. आधी हिला."

गोरखला ताटं कुठे असतात ते शोधावं लागलं. रेवाने नैवेद्याचं पुरण, भात, तूप, सकाळची भाकरी असं सगळं एका ताटात कालवल्यासारखं वाढलं. योगिता जेवायला बसली. बाकीचे तिघं तिच्याभोवती बसून बघत राहिले. जेवताना कोणी आपल्याकडे बघतंय, याची तिला सवय नव्हती. घास हातातून दोनदा निसटला. तिसरा तोंडात गेला. मग चौथा. पोटाने तो ठेवून घेतला.

"अजून आहे?" तिने विचारलं.

"आहे," रेवा म्हणाली. नव्हतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात विमलबाईंना ढास लागली.

आधी बारीक. त्या तोंडावर पदर दाबून ती गिळायचा प्रयत्न करत होत्या. मग ती गोधड्यांच्या आतून वर आली, एकामागून एक, मध्ये श्वासाला जागा न ठेवता. गोरख पाठ चोळायला धावला. आत रेवाचा हात पिठात थांबला. योगिताचा घास अर्ध्यावर होता.

विमलबाईंनी खोकता खोकता गोधडीतून एक हात बाहेर काढला. तो पाणी मागत नव्हता. तो ताटाकडे होता.

योगिताने खाली पाहिलं आणि घास तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा केला. खोकला वाढत गेला आणि ती जेवत राहिली.